येत्या रविवारी दुपारी सहकुटुंब येऊन

घरातला माणूस व्याकरण शिकवतो हे सोयऱ्याधायऱ्यांत एकदा पसरलं की दोन कामं त्याच्या गळ्यात कायमची पडतात. कुणाच्याही लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे आणि कुणाच्याही पोराला एमपीएससीचं मराठी ‘जरासं दाखवून’ द्यायचं. पैसा दोन्हींत नाही. मान आहे. आणि त्या मानापायीच मी अकोल्यात, भर एप्रिलात, भरल्या मांडवात, हातात टरबूज घेऊन उभा राहिलो.

आधी धंद्याचं सांगतो. अमरावतीच्या एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मराठी व्याकरण शिकवतो. क्रियाविशेषण हा माझा हुकमी विषय. पोरांना म्हणतो, “राजेहो, वाक्यातलं क्रियापद पकडा अन् ठाणेदारावानी त्याले विचारा: केव्हा? कुठं? कसं? किती? जे उत्तर निघंन ते क्रियाविशेषण.” मग फळ्यावर तीन वाक्यं लिहितो. तो लवकर आला. तो कोंबडं आरवायच्या सुमाराला आला. कोंबडं आरवलं तेव्हा तो आला. पहिल्यात एकच शब्द, दुसऱ्यात शब्दांचा जथा, तिसऱ्यात अख्खं गौण वाक्य. तिघंही ‘केव्हा?’लाच उत्तर देतात, म्हणजे तिघांचं काम एक. परीक्षेत पहिल्याला क्रियाविशेषण अव्यय म्हणायचं, तिसऱ्याला कालदर्शक क्रियाविशेषण वाक्य. मधल्या जथ्याला काय म्हणायचं हे कुणी विचारत नाही, कारण त्याला मार्क नाहीत. संसारात सगळा धुमाकूळ घालतो तो मात्र हाच मधला, बिनामार्कांचा.

याचं कारण त्याचा पाय एका जागी ठरत नाही. ‘मी उद्या अकोल्याला जाईन’ म्हणा, ‘उद्या अकोल्याला मी जाईन’ म्हणा, नाहीतर ‘जाईन मी अकोल्याला उद्या’ म्हणा. जोर इकडचा तिकडे होतो, पण माणूस उद्याच जातो आणि अकोल्यालाच जातो. वाक्यात क्रियापद एकच असेल तोवर ‘उद्या’ कुठंही बसला तरी बिघडत नाही. क्रियापदं दोन झाली की पंचाईत. ‘काकांनी सोमवारी यायला सांगितलं.’ सोमवारी यायचं, की सोमवारी सांगितलं? हे उदाहरण मी क्लासमध्ये कितीतरी वर्षं देत आलो आहे. पोरं हसतात. मीही हसायचो.

विद्येचा आधार म्हणाल तर तोही माझ्याकडे भरपूर. दादोबा पांडुरंगांचं 1836चं व्याकरण मी वाचलेलं आहे, निदान चाळलेलं आहे. मोरो केशव दामल्यांचं 1911चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ दिवाणखान्यात, पाहुण्याची नजर पडेल अशा बेतानं ठेवलेलं आहे. हे दामले केशवसुतांचे भाऊ, ही माहितीही मी पाहुण्यांना चहाबरोबर देतो. त्यात मी वऱ्हाडचा. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ जुळवलं ते रिद्धपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे. मराठीचं पहिलं व्याकरण मानलं जाणारं ‘पंचवार्तिक’ही महानुभावांच्या भीष्माचार्यांचं. एवढी पुण्याई गाठीला असताना मी एक वाक्य लिहिलं.

त्याचं असं झालं की माझ्या भाच्याचं अकोल्याला जमत आलं होतं. पोरगी पाहून झाली होती, पसंती दोन्हीकडून होती. साक्षगंध कधी करायचं, कुणी किती माणसं आणायची, मानपान काय, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: साक्षगंध म्हणजे तुमचा साखरपुडा. आमच्याकडे साखरेपेक्षा साक्षीला महत्त्व. ते का, हे पुढे कळेल.) ताई म्हणाली, “भाऊ, तू शिकेल मानूस. त्याईले तूच लिहून टाक. हे फोनवर बोल्ले का काहीच्या काही होऊन जाते.”

‘हे’ म्हणजे आमचे जावई. ते समोरच बसले होते. काही बोलले नाहीत.

मी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि विचारपूर्वक, निर्दोष, प्रमाण मराठीत लिहिलं: ‘येत्या रविवारी दुपारी सहकुटुंब येऊन साक्षगंध नक्की करू.’ पाठवण्याआधी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ताईला भरून आलं. अकोल्याहून लगेच उत्तर आलं: ‘हाव जी. या. वाट पाहून राह्यलो.’

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. मी, बायको, ताई आणि जावई. भाचा झोपला होता. मोठ्यांच्या बोलण्यात त्याचं काय काम, म्हणून त्याला उठवलं नाही. जाताना पेढ्यांचा एक पुडा घेतला आणि जावयांनी रस्त्यात एक टरबूज घेतलं. उन्हाळा आहे, बोलता बोलता कापून खाता येईल, हा त्यांचा विचार. तो वाईट नव्हता.

बडनेरा सोडलं नाही तोच अकोल्याचा फोन. “कोठी पोचले?” जावई म्हणाले, “येऊनच राह्यलो.” मागच्या सीटवर माझी बायको हसली. ती साताऱ्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं ‘येऊन राह्यलो’ तिच्या गळी उतरलेलं नाही. तिच्या मराठीत ‘येऊन’ म्हणजे येणं उरकलं: येऊन बसला, येऊन जेवला. व्याकरणात याला पूर्वकालवाचक म्हणतात. आधी येणं, मग पुढचं. आमच्याकडे त्याच ‘येऊन’ला ‘राह्यलो’ जोडलं की येणं उरकायचं दूरच, कधीकधी सुरूही झालेलं नसतं. 1903 पासून 1956 पर्यंत वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांतासोबत चालला, हिंदीचा शेजार तर त्याहूनही जुना, तेव्हा हे ‘आ रहा हूँ’चं वळण असावं असं मी तिला समजावतो. ती म्हणते, “वळण असू दे, पण माणूस नेमका असतो कुठं?” याला दामल्यांतही उत्तर नाही.

लोणीच्या पुढे रस्ता एकदम गुळगुळीत लागला तेव्हा मी गाडीतल्यांना क्रियाविशेषणाचा महिमा सांगायला घेतला. हाच तो रस्ता. जून 2022 मध्ये लोणी ते मूर्तिजापूर या पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरी मार्गिका सलग टाकली आणि गिनीजमध्ये नाव गेलं. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, 25.275 किलोमीटर, त्याला दहा दिवस लागले होते. “आता पाहा,” मी म्हणालो, “या वाक्यातून फक्त ‘सलग’ काढा. काय उरलं? 75 किलोमीटर रस्ता. तो तर कुणीही करते. अख्खा विक्रम एका क्रियाविशेषणावर उभा आहे!” जावयांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एसी वाढवला. मूर्तिजापूर आलं तेव्हा शकुंतलेवर बोलायचं माझ्या मनात होतं, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या आमच्या नॅरोगेज गाडीवर, जिला आयुष्यभर ‘सावकाश’ हे एकच क्रियाविशेषण पुरलं. पण तोवर मागच्या सीटवर दोघींना झोप लागली होती.

अकोल्यात शिरताना पुन्हा फोन. “नेहरू पार्क चौकातून समोर या, मंग समोरच या.” बायको जागी झाली. “समोर म्हणजे कशाच्या समोर?” कशाच्याच नाही. आमच्याकडे समोर म्हणजे पुढे. तिच्याकडे ‘समोर’ला कुणीतरी लागतं, देवळाच्या समोर, शाळेसमोर, तिथं ते शब्दयोगी. आमच्याकडे ते सुटं, आपल्या पायावर चालणारं क्रियाविशेषण. हा फरक मी तिला खुलवून सांगत होतो, तेवढ्यात जावयांनी कचकन ब्रेक दाबला.

समोर (दोन्ही अर्थांनी) मांडव होता.

आधी वाटलं, शेजारच्यांकडे काही असेल. मग फ्लेक्स दिसला. मोठ्या गुलाबी अक्षरांत ‘साक्षगंध सोहळा’, खाली मुलीचं नाव आणि त्याच्या बाजूला माझ्या भाच्याचं. त्या क्षणी मी सगळ्यांत आधी काय केलं? शुद्धलेखन पाहिलं. बरोबर होतं.

मांडवात चार कुलर घरघरत होते. मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायला टाकले होते, शेजारी वांग्याच्या भाजीचं गंज चुलीवर होतं आणि आचारी भल्यामोठ्या कढईतून बुंदी काढत होता. भटजी हजर, फोटोवाला हजर, खुर्च्या भरलेल्या. दारात पाच-सहा बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या. आम्ही चौघं उतरलो. त्यांनी आम्हाला ओवाळलं आणि मग त्यातली एक वाकून गाडीत पाहू लागली. “नवरदेव कोठी हाय?”

जावयांना वाटलं सामान विचारतात. त्यांनी डिकी उघडून टरबूज काढलं, आणि कुणाच्या हाती द्यावं ते न सुचून माझ्या हाती दिलं.

पुढची दहा मिनिटं मी तपशिलात सांगणार नाही. मुलीचे वडील सज्जन माणूस. आवाज न चढवता म्हणाले, “मामाजी, तुमीच तं लिहिलं ना, नक्की करू म्हनून. आमी सोयरे बलावले. आचारी कालपासून बसेल हाय.” मी म्हणालो, तारीख नक्की करू असं म्हणायचं होतं. ते म्हणाले, “तारीख कोठी लिहिली तुमी?” मी फोन काढून वाचलं. तारीख नव्हती.

इथं गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण माझ्यातला मास्तर उफाळून आला. मी म्हणालो, “भाषेच्या दृष्टीनं पाहिलं तर वाक्य बरोबर आहे.”

मांडवाच्या कोपऱ्यातून आवाज आला, “कोन म्हन्ते बरोबर हाय? आना इकडं.”

मुलीचे आजोबा. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मांडीवर काठी आडवी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. सगळे बाजूला झाले, त्यांच्यासमोर मला खुर्ची मिळाली. टरबूज मी मांडीवर घेतलं. गुरुजींनी नातीकडून फोनवरची अक्षरं मोठी करून घेतली, वाक्य एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “यातलं ‘नक्की’ कोन्ती जात?”

प्रश्न कानावर पडला की उत्तर तोंडून निघायचं, ही धंद्याची सवय. मी ताडकन म्हणालो, “क्रियाविशेषण!”

“कोन्त्या क्रियापदाचं?”

“करू.”

“मंग ‘साक्षगंध’ काय झालं?”

“कर्म.”

“म्हंजे काय करू? साक्षगंध करू. कसं करू? नक्की करू.” गुरुजी टोपी सारखी करत म्हणाले. “आमी बी तेच समजलो.”

मला घाम फुटला, आणि तो अकोल्याच्या उन्हाचा नव्हता. माझ्या मनातल्या अर्थात ‘नक्की’ हे क्रियाविशेषण नव्हतंच. ‘नक्की करणं’ म्हणजे ठरवणं. तिथं ‘नक्की’ हे क्रियापदाचं पूरक, त्याच्याशिवाय ‘करू’ला अर्थच नाही. ‘भिंत पांढरी करू’मधलं ‘पांढरी’ भिंतीचं असतं, करण्याचं नसतं. त्यातलाच हा प्रकार. एवढंच सांगितलं असतं तर निदान बरोबरी झाली असती. पण माझाच साक्षीदार माझ्याविरुद्ध साक्ष देऊन मोकळा झाला होता, आणि तो साक्षीदार मीच होतो. साक्षगंध म्हणतात ते उगाच नाही.

तरी मी म्हणालो, “पण गुरुजी, ‘सहकुटुंब’ लिहिलं होतं. मोठा कार्यक्रम असता तर ‘सहपरिवार’ही लिहिलं असतं.”

“सहकुटुंब. समास कोन्ता?”

आता मी सावध झालो होतो, पण समासाचा प्रश्न सोडवत नाही. “सहबहुव्रीही.”

“बहुव्रीही म्हन्ता अन् चार जन घेऊन येता?” गुरुजींनी मांडवाकडे हात फिरवला. “बहु कोठी हाय मंग?”

हशा असा उठला की आचारी झारा घेऊन बाहेर आला. त्याला कुणीतरी विनोद समजावून सांगितला, तो नीट न समजता हसला, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं. पण त्या हशानं एक काम केलं. मुलीच्या आईच्या कपाळावरची आठी गेली, सोयरे खुर्च्यांत सैल झाले आणि गुरुजींनी फर्मान काढलं: “लेकराले बलावून घ्या. तो येतलोग पंगत बसवा. रोडगे वाट पाहत नाई.”

भाच्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, “हाव मामा, काय झालं?” त्यात झोप ओतप्रोत होती. मी म्हणालो, अकोल्याला ये, ताबडतोब, बऱ्या कपड्यांत, आत्ताच्या आत्ता, वाटेत कुठंही न थांबता. आयुष्यात एका वाक्यात इतकी क्रियाविशेषणं मी कधी वापरली नव्हती. तो म्हणाला, “काहून?” मी म्हणालो, “तुझं साक्षगंध आहे.” जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, “येऊन राह्यलो.”

मी बायकोकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती.

अंगठीचा प्रश्न ताईनं सोडवला. स्वतःच्या बोटातली काढली. मुलीला सैल होत होती, म्हणून आतून दोरा गुंडाळला. साडीचा प्रश्न मात्र नाजूक होता. आमच्याकडून मुलीला साडी हवी आणि आमच्याकडे तर टरबूज. शेवटी मुलीच्या आईनं कपाटातून एक पैठणी आणून गुपचूप ताईच्या हाती दिली, ताईनं ती ओटीत घातली, भटजींनी मंत्र म्हटले. ती पैठणी त्यांनी माझ्या बायकोला, मामीचा मान म्हणून द्यायला आणून ठेवली होती, हे परतीच्या वाटेवर कळलं. बोरगाव मंजू ते बडनेरा गाडीत कुणी काही बोललं नाही.

पण ते नंतर. आधी पंगत. गुरुजींनी मला स्वतःच्या बाजूला बसवून घेतलं. रोडगा फोडून त्यावर तुपाची धार धरत म्हणाले, “वाईट नका मानू. तुमचं व्याकरन चांगलं हाय. लिहाची भाषा चुकली.” मग त्यांनी माझंच वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. एकदा ‘साक्षगंध’नंतर जराशी उसंत घेऊन, ‘नक्की करू’ एका दमात, अर्थ माझा. दुसऱ्यांदा ‘नक्की’वर आवाज दाबून, अर्थ त्यांचा. अक्षरं तीच, काना-मात्रा तीच. मी घरी ताईला वाचून दाखवलं होतं ते माझ्या उसंतीसकट, म्हणून तिला ते बरोबर कळलं. अकोल्याला फक्त अक्षरं पोचली, उसंत अमरावतीत राहिली. स्वल्पविरामानंही हे काम झालं नसतं, कारण ‘साक्षगंध, नक्की करू’ असं मराठीत कुणी लिहीत नाही.

“तुमी घरी कसे बोलता?” गुरुजींनी विचारलं.

“आयतवारी येतो, अन् साक्षगंधाची तारीख पक्की करतो,” मी म्हणालो.

“मंग तेच लिहाचं होतं. दोन क्रियापदं, मधात ‘अन्’. ज्याचं त्याच्यापाशी.” त्यांनी भाजी वाढणाऱ्याला हाक मारली. “वाढ याईले. शिकेल मानूस हाय.”

जावई पलीकडे बसून मन लावून जेवत होते. इतकं समाधानी मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

भाचा आला तेव्हा दुसरी पंगत उठत होती. मित्राच्या गाडीतून आला, शर्ट मित्राचा, केस ओले. विक्रमी रस्त्याचा खरा उपयोग त्या दिवशी झाला. बायका ओवाळायला पुन्हा दारात आल्या. त्याला पाहून मुलगी जी हसली ती फोटोवाल्यानं नेमकी टिपली; अल्बममध्ये तो फोटो पहिला आहे. दुसऱ्या फोटोत मी आहे आणि माझ्या हातात अजून टरबूज आहे. ते माझ्याकडून कुणी घेतलं नव्हतं आणि ठेवायचं कुठं हे मला सुचलं नव्हतं.

लग्नाची तारीख त्याच मांडवात तोंडी ठरली, सर्वांसमक्ष, दोनदा म्हणून. पत्रिकेचा मजकूर लिहायचं काम गुरुजींनी आपणहून घेतलं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही पुढे झालो नाही. पंधरवड्यानं त्यांच्या नातीच्या फोनवरून पत्रिकेचा मसुदा आला. खाली गुरुजींची ओळ होती: ‘सवडीने बारकाईने तपासून लगेच कळवावे.’

सवडीनं की लगेच? मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय लिहिलं त्याईनं? उत्तर पाठव ना.”

मी लिहिलं, ‘हाव.’